हुरडा, बाटली आणि सर नंबर दोन

दिंद्रुडला हुरडा खायचा तो संक्रांतीच्या आगेमागे. बांधाजवळ खड्डा घेऊन मामींनी आगटी पेटवली होती. गोवऱ्यांनी चांगला विस्तव धरला होता. बाभळीखाली सतरंजीवर मामा बसले होते आणि मनगटातलं घड्याळ त्यांनी काढून समोर ठेवलं होतं. घड्याळ कशाला, तर मामा तीन वर्षांपासून डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने जेवतात. दिवसातून दोनदा, आणि दर वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकरांची, हेही ते भेटेल त्याला सांगतात. पहिला घास तोंडात गेला की घड्याळ सुरू.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. विषय गणित. चौदा वर्षांची साखर, अंगाने मात्र काडी. मी पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गावी गेले की आधी रिपोर्टांची फाइल पुढे येते आणि मग चहा. या वेळी फाइलबरोबर एक पांढरी बाटलीही आली, न्यू जर्सीच्या मुलाने पाठवलेली.

"वाच," मामा म्हणाले.

"निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड. २५० मिलिग्रॅम."

"पोरगं एनएमएन म्हणतं. ह्याने सर्टुइन नावाची एन्झाइमं जागी होतात. ती जागी झाली की साखर, लिव्हर, मेंदू, म्हातारपण, सगळ्याला उतार. पुस्तकही पाठवलंय, हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांचं 'लाइफस्पॅन'. अर्धं झालं वाचून. मला पटलंय. तुझं काय ते सांग, पण मास्तरकी करू नको."

"तुमच्यासमोर मी कसली मास्तरकी करणार! आधी नावाची गंमत ऐका. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, त्याला आपली काही जनुकं कायम गप्प ठेवावी लागतात. हे गप्प ठेवायचं काम करणाऱ्या जनुकांना शास्त्रज्ञांनी एस-आय-आर अशी आद्याक्षरं दिली. त्यातलं दुसरं ते सर-टू. त्यावरून सर्टुइन."

"म्हणजे सर नंबर दोन! वर्ग गप्प करणारे." मामा एकदम खुलले. गावात अजून त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सरच म्हणतात.

"१९७९ साली ते पकडणाऱ्यांत अमर क्लार होते, पंजाबातून अमेरिकेत गेलेले. त्यांनी नाव वेगळं दिलं होतं, ते मागे पडलं. पुढची वीस वर्षं हा यीस्टवाल्यांचा घरगुती विषय होता. १९९९ साली एमआयटीत लिओनार्ड ग्वारेंटे यांच्याकडे प्रयोग झाला आणि सगळं बदललं. यीस्टच्या आईपेशीला कोंब फुटतो, तो सुटा झाला की ते तिचं लेकरू. मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने एकेक लेकरू बाजूला सारायचं आणि मोजत राहायचं. वीस-पंचवीस झाली की आई थांबते. सर-टूची एक प्रत जास्त दिली तर आईचं आयुष्य तीसेक टक्क्यांनी वाढलं."

मामींनी कणीस परतता परतता मान वर केली. "सुई घेऊन बाळंतपणं मोजत बसले व्हय?"

"रात्रंदिवस, मामी. पुढच्याच वर्षी कळलं की हे सर काम कसं करतात. प्रथिनांवर ॲसिटिल नावाची बारकी चिठ्ठी डकवलेली असते. सर्टुइन ती उपटतं आणि त्या प्रथिनाचं वागणं बदलतं. पण फुकट उपटत नाही. दर चिठ्ठीमागे एनएडी नावाचा एक रेणू मोडतो."

"मजुरी," मामा म्हणाले.

"मजुरीच. आणि हेच एनएडी शरीर अन्नातून शक्ती काढायलाही वापरतं. म्हणून ग्वारेंटे यांना वाटलं, भूक लागली की एनएडीचा हिशोब बदलतो, सर्टुइन जागं होतं आणि शरीर काटकसरीला लागतं. अर्धपोटी उंदीर जास्त का जगतात, त्याचं उत्तर इथं असावं. माणसात अशी सात आहेत. एक, सहा आणि सात पेशीच्या केंद्रकात, तीन-चार-पाच मायटोकाँड्रियात, दोन नंबर बहुतेक वेळ बाहेर."

"मग झालं की," मामा बाटली हलवत म्हणाले. "वयाबरोबर एनएडी कमी पडतं, असं पुस्तकात आहे. ह्या गोळीचं शरीरात एनएडी होतं. मजुरी भरली की मजूर कामाला लागतो. यात पटण्यासारखं काय नाही?"

तर्क सरळ होता. मामांचे तर्क सरळच असतात, भांडण त्याचंच आहे. मी त्यांना द्राक्षांची गोष्ट सांगायला घेतली.

२००३ साली सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल सर्टुइनला चेतवतं. २००६ साली चरबीने लठ्ठ केलेले उंदीर या औषधावर जास्त धडधाकट राहिले आणि जास्त जगले. मधल्या काळात, २००४ साली, सिंक्लेअर यांनी सर्ट्रिस नावाची कंपनी काढली होती. २००८ साली ग्लॅक्सोने ती ७२ कोटी डॉलरला विकत घेतली.

"नाशिकची द्राक्षं आहेत की आपल्याकडे," मामा म्हणाले.

"उंदरांना दिलेलं प्रमाण तुमच्या वजनाला लावलं तर वाइनच्या शेकडो बाटल्या होतात, त्याही रोज. आणि तुम्ही पडलात माळकरी."

मामी मोठ्याने हसल्या. हुरड्याचा घाणा उतरला होता. कणसं तळहातावर चोळून त्यांनी हिरवे मऊ दाणे सुपात पाखडले आणि शेंगदाण्याची चटणी, दही पुढे सरकवलं. मामांनी घड्याळ पाहिलं आणि पहिला बोकणा भरला. ११ वाजून ४० मिनिटं.

"कंपनीचं काय झालं?"

"२०१० साली फायझरच्या लोकांनी प्रयोग परत करून पाहिला. आधीच्या चाचणीत प्रथिनाच्या तुकड्याला एक चमकणारा रंग जोडलेला होता, मोजायला सोपं जावं म्हणून. रंग काढला तर औषधाचा परिणामच नाहीसा झाला. चेतवत होतं ते त्या रंगामुळे. त्याच वर्षी एका रक्ताच्या कर्करोगावर याच औषधाची चाचणी चालली होती, तीही रुग्णांच्या किडन्या बिघडल्यामुळे थांबवावी लागली. २०११ साली 'नेचर'मध्ये आलं की सर्टुइन जास्त दिलेल्या अळ्या आणि माश्यांचं जास्तीचं आयुष्य सर्टुइनमुळे नव्हतंच, त्या वाणातल्या इतर फरकांमुळे होतं. वाण सारखं करून घेतलं, फरक गेला. अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत साधा आहार घेणारे उंदीर रेस्वेराट्रॉलवर एक दिवसही जास्त जगले नाहीत. २०१३ साली ग्लॅक्सोने त्या कंपनीचं ऑफिस बंद केलं."

मला वाटलं होतं, इतक्यावर मामा बाटली खाली ठेवतील. त्यांनी ती उलट दुसऱ्या हातात घेतली.

"पंप जळाला म्हणून विहीर आटली असं होत नाही, बाई. औषध वाईट निघालं. एन्झाइम खोटं कुठं ठरलं?"

"नाही ठरलं."

"मग! अन् त्या रंगाच्या भानगडीला सिंक्लेअरनी उत्तर दिलंच असेल."

दिलं होतं, आणि ते लपवणं बरं दिसलं नसतं. २०१३ साली त्यांच्या गटाने दाखवलं की शरीरातल्या काही प्रथिनांच्या तुकड्यांत तशीच जागा निसर्गतः असते आणि तिथे रंगाशिवायही औषध चालतं. सातांतल्या पहिल्या, म्हणजे सर्ट-वनमधला २३० क्रमांकाचा एक घटक बदलला तर मात्र चालत नाही. ग्लॅक्सोच्याच दुसऱ्या एका औषधाने सोरायसिसच्या ४० जणांच्या चाचणीत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांची कातडी सुधारली. उलट बाजूने, सर्ट-वनला दाबणारं औषध हंटिंग्टन रोगाच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आहे.

"थांब. एका रोगाला चेतवायचं, दुसऱ्याला दाबायचं? एकच एन्झाइम?"

"कर्करोगात तर एकाच एन्झाइमच्या दोन्ही बाजू आहेत. पेशीला आवर घालणारं पी-५३ नावाचं प्रथिन आहे, त्याची चिठ्ठी सर्ट-वन उपटतं आणि त्याचा आवर ढिला करतं. दुसरीकडे हेच एन्झाइम डीएनए सांभाळायलाही मदत करतं."

मामा थोडा वेळ दाणे चघळत बसले. मग त्यांनी खिशातून मेटफॉर्मिनची पट्टी काढली. त्यांचा खरा डाव हा होता, हे मला उशिरा कळलं.

"ही मी चौदा वर्षं खातोय. कुठून आली?"

"युरोपातल्या एका रानवनस्पतीवरून सुचली. फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी १९५७ साली मधुमेह्यांना दिली. अमेरिकेत परवानगी १९९४ साली."

"आणि ती शरीरात नेमकं काय करते, यावर एकमत आहे?"

"अजून वाद चालू आहेत."

"झालं तर. चालते, म्हणून खातो. का चालते ते तुम्ही सवडीने शोधा. सर्टुइनला मात्र तू पाच-पाच पुरावे मागतेस."

"कारण तिथं उलटं झालंय, मामा. मेटफॉर्मिनने आधी साखर उतरवली, मग लोक कारण शोधायला लागले. इथं कारण आधी जाहीर झालं, कंपनी विकली गेली, पुस्तक निघालं, आणि रोग बरा करणारी गोळी अजून यायची आहे."

"कामून असं झालं मग? अक्कल कमी पडली का पैसा?"

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला मुंबईत सापडतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थुर-सीताराम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बरीच वर्षं सर्ट-वनवर काम केलं. त्यांचा २०२० सालचा एक निबंध उंदराच्या यकृतावर आहे. पण तो सांगायच्या आधी मी मामांची फाइल उघडली.

"सकाळची उपाशीपोटीची साखर १५२. रात्री आठनंतर तुम्ही काही खात नाही. मग ही आली कुठून?"

"तेच तर डॉक्टरला विचारतो मी! पाण्याशिवाय काही घेत नाही."

"लिव्हर बनवतं. रात्रभर मेंदूला साखर लागते, ती यकृत तयार करून रक्तात सोडतं. तुमच्यासारख्यांत ते थांबायचं तेव्हा थांबत नाही. आता ऐका. उपासात यकृताला साखर बनवायला लावणाऱ्या यंत्रणेत तुमच्या सरांचाही हात आहे."

मामांचा घास हातातच राहिला.

"कुलाब्याच्या लोकांना दिसलं ते असं. उंदीर जेवला की त्याच्या यकृतातल्या सर्ट-वनवर साखरेचाच एक बारका तुकडा येऊन बसतो. त्याने सर्ट-वनचे साथीदार बदलतात, पुढे ते केंद्रकाबाहेर जातं आणि मोडीत निघतं. म्हणजे उपास संपला, सर घरी गेले. मग त्यांनी असं सर्ट-वन घातलं की ज्याच्यावर हा तुकडा बसूच शकत नाही. सर सदासर्वकाळ वर्गात. त्या उंदरांची साखर चढली, इन्सुलिन लागू पडेना, यकृताला सूज आली."

"पाळीचं पाणी," मामा म्हणाले. बोट त्यांनी कालव्याच्या दिशेला केलं होतं. "पाळी आली की दार उघडायचं, भिजलं की पाडायचं. दार उघडंच राहिलं तर रान चिबडतं. ऊस पिवळा पडतो."

"म्हातारपणी आणि लठ्ठपणात, त्याच निबंधात आहे, हा तुकडा गरजेपेक्षा जास्त बसलेला असतो. म्हणजे तिथं दार उघडतच नाही. आता सांगा, चोवीस तास अंगात राहणारी एक गोळी यातलं काय करणार?"

"वेळ साधून देता येईल. संध्याकाळी एक, सकाळी नाही. इन्सुलिन नाही का जेवणाआधी टोचत? तू मला अडचण सांगतेस, मी त्याला पुढचं गणित म्हणतो."

इथं मी गप्प झाले. सर्टुइनवर खरंच काम करणारे लोक आज साधारण हेच म्हणतात. कोणत्या अवयवात, सातांपैकी कोणतं, किती वेळ. गोळी विकणारे ते म्हणत नाहीत, एवढाच माझा राग.

रस्त्यावरून तेलगावच्या कारखान्याकडे उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने गाणं. मामींनी दुसरा घाणा खुपसला आणि विचारलं, "ती बाटली म्हंजी नेमकी कशाची गोळी हाय?"

"उपासाची नक्कल करणारी, असं समजा. खायचं रोजच्यासारखं, पण शरीराला वाटलं पाहिजे की उपास घडला."

"पोटभर खाऊन एकादशी?" मामींना हे फार आवडलं. "आन् दसऱ्यानंतर जी माणसं कोयता घेऊन जातात, दिवसभर मोळ्या वाहून रातच्याला भाकरी-चटणीवर निजतात, त्यांचे सर तर कायमच जागे असतील की. ती कशी गं चाळिशीत म्हातारी होतात?"

मामा आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेतल्या अर्धपोटी उंदराला उष्मांक कमी मिळतात, पण जीवनसत्त्वं, खनिजं सगळी मोजून मिळतात. त्याला मोळी उचलायची नसते, पाण्यातून जुलाब होत नाहीत. काटकसर आणि उपासमार यांच्यात फरक आहे. आणि उपासमारीचा हिशोब पुढच्या पिढीत निघतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांच्या मागे आहेत. जन्मताच हडकुळी दिसणारी आणि तरीही आत चरबी धरून असलेली बाळं त्यांनी दाखवली. त्यांचा एक फोटो गाजलेला आहे. तो स्वतः याज्ञिकांचा आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा. उंची-वजनाचा आकडा दोघांचा सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

"म्हणजे माझ्यासारखा," मामा आपल्या दंडाकडे बघत म्हणाले. "वरून काडी."

"म्हणून लठ्ठ अमेरिकन उंदराचं औषध तुम्हाला तसंच्या तसं लागू पडेल, यावर मी पैज घेणार नाही."

मामा आता भाकरीकडे वळले. त्यांचं म्हणणं, एनएडी कमी पडलं की काय होतं हे कुणी डोळ्याने पाहिलंय का, की सगळं उंदरांतच.

पाहिलंय, आणि ते याच मुलखाच्या अन्नाशी जोडलेलं आहे. एनएडी बनतं नायसिनपासून, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वापासून, शिवाय प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनपासून. दोन्ही कमी पडली की पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची कातडी काळी पडून सुटते, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो, जुलाब लागतात, शेवटी डोकं फिरतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांना व्हायचा. दख्खनात तो ज्वारीवर जगणाऱ्यांना झाला. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतून सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्यूसिन नायसिनचा घोटाळा करतं. ल्यूसिनच्या सिद्धान्तावर पुढे वाद झाले, पण रोगी खरे होते. मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटून तेव्हा चारच वर्षं झाली होती.

"नुसत्या ज्वारीवर, मामा. डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणा नाही. हुरड्याला दोष देऊ नका."

मामींचे हात थांबले होते. "आमच्या आजोळी व्हती एक म्हातारी. उन्हाळ्यात हाताची साल निघायची तिच्या, सापाच्या कातीवानी. शेवटाला बडबडायची, कपड्याचं भान नसायचं. बाहेरचं लागलंय म्हणून लिंबू उतरायचे."

ती म्हातारी पेलाग्राची होती की आणखी कशाची, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण पेलाग्राचा रोगी नायसिन दिलं की काही दिवसांत माणसात येतो.

"तेच मी म्हणतोय!" मामांनी मांडीवर थाप मारली. "एनएडी संपलं, माणूस कोसळला. एनएडी भरलं, माणूस उठला. म्हातारपण म्हणजे सावकाशीचा पेलाग्रा समज."

हा त्यांचा त्या दिवशीचा सगळ्यात भारी मुद्दा होता, आणि त्याला धरून मीच त्यांना आणखी एक पुरावा दिला. २०२० साली फिनलंडमधल्या संशोधकांनी मायटोकाँड्रियाच्या एका स्नायूरोगात साधं नायसिन दिलं. त्या रोग्यांत एनएडी मुळातच कमी होतं, ते भरून आलं आणि स्नायूंची ताकद वाढली. तुटवडा होता तिथं भर घातली, फळ मिळालं. मामांच्या बाटलीतल्या गोळीची परीक्षा सेंट लुईसमध्ये झाली, २०२१ साली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, वजन जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या २५ बायका. दहा आठवडे रोज २५० मिलिग्रॅम किंवा नुसती खोटी गोळी.

"हाच डोस!"

"हाच. स्नायू इन्सुलिनला जास्त दाद द्यायला लागले."

"बघ!"

"रक्तातली साखर हलली नाही. वजन नाही, लिव्हरची चरबी नाही."

"पण स्नायू हलले ना? सुरुवात आहे ती."

"२५ बायकांत. त्यातला एकही माणूस चौदा वर्षं मेटफॉर्मिन खाणारा, सत्तरीतला, काडीसारखा नव्हता."

"म्हणून तर मी घेऊन बघतो."

मामांनी खिशातली छोटी डायरी काढली. तीत शेताचा खर्च, लाइट बिल आणि साखरेचे आकडे एकाच ओळीत असतात. त्यांनी तारीख टाकली, वजन टाकलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९ लिहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तू आता म्हणणार. म्हणून तुझी मामी गोळी घेणार नाही. ती तुलनेला."

"मी का म्हणून तुमचा उंदीर व्हायचं?" मामी म्हणाल्या. "आन् मला साखरच नाही, तर तुलना कशाची करता?"

गणिताच्या मास्तरांना यावर बोलायला शब्द सुचेना. मी म्हटलं, गोळी चालू केली की तुम्ही रोज फिरायलाही जाल, भातही कमी कराल, आणि एप्रिलमध्ये आकडा उतरला तर शाबासकी बाटलीला द्याल. शिवाय आधी किडनीची तपासणी, आणि तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मामा म्हणाले, डॉक्टर हसतील. मी म्हटलं, हसू द्या.

फोन वाजला. न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेली असणार. मामांनी तो सतरंजीवरच ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, सुरू केली का गोळी?"

"हुरडा खातोय," मामा म्हणाले. "तुझी आत्तेबहीण आली आहे, तिच्याशी बोल." आणि घड्याळ बघून त्यांनी घाईने आणखी एक मूठ भरली. पंचावन्नातली सहा मिनिटं उरली होती.

डायरी उघडीच पडली होती. तारखेच्या पुढे वजन, त्यापुढे साखर, त्यापुढे औषधाचा रकाना. तिथं त्यांनी मेटफॉर्मिन लिहिलं होतं, स्वल्पविराम दिला होता, आणि पेनाचं टोपण लावून टाकलं होतं.